दादांचा आवाज बसला

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागाचे प्रमुख. मीही तिथेच कामाला आहे. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, बटणं तुटलेले पेशंटचे सदरे शिवून पुन्हा वापरात आणायचे, हे माझं काम. त्यामुळे भाऊजींचा घरचा अवतार आणि कामावरचा अवतार, दोन्ही मला फुकटात बघायला मिळतात. दोन्हींत फरक एवढाच, की घरी ते बनियनवर असतात.

आमचा विभाग तळघरात आहे. वर माणसं बरी होतात, खाली त्यांचे डाग निघतात. एका टोकाला मळक्या कपड्यांची गाठोडी येऊन पडतात. तिथे ते कपडे वेगळे करायचे, मग मोठ्या मशीनांत घालायचे, मग वाळवायचे. मग चादरी गिळून सरळ करून बाहेर टाकणारा एक लांबलचक तापलेला रोलर, आणि शेवटी घड्या घालायची टेबलं. मशीनं चालू असली की शेजारच्याचं बोलणंही कानात शिरत नाही, म्हणून सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागतं. भाऊजी मशीनं बंद असली तरी ओरडत.

"मला साहेब म्हणायचं नाही," त्यांनी प्रमुख झाल्या झाल्या जाहीर केलं होतं. "आपण सगळे एक टीम आहोत. एक कुटुंब. मी तुमचा दादा."

दादा या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. लोकांना सुरुवातीला वाटलं, त्यांच्या मनात पहिला असेल.

साबणाच्या कोठीची किल्ली दादा गळ्यात घालून हिंडत. दर वेळी साबण काढायचा तो त्यांनीच, मापायचा त्यांनीच, मशीनमध्ये ओतायचा तोही त्यांनीच. ते संडासात गेले की इस्पितळाची धुलाई खोळंबायची. घडीच्या टेबलावर काकू म्हणून एक बाई आहेत. भाऊजी अर्ध्या चड्डीत असल्यापासून त्या चादरींच्या घड्या घालताहेत. भाऊजी त्यांनी घातलेली घडी उचलायचे, मोडायचे, पुन्हा हुबेहूब तशीच घालायचे आणि म्हणायचे, "अशी!" काकू मान डोलवायच्या. त्या मान डोलवण्यात जेवढ्या शिव्या होत्या, तेवढ्या मी भर बाजारातही ऐकलेल्या नाहीत.

मशीनं सांभाळतो तो माणूस अंगाने आडवा आणि बोलायच्या आधी दोनदा फुसफुसणारा. त्याला सगळे इंजिन म्हणतात. आणि मळके कपडे वेगळे करायला जी बाई होती, तिचं नाव पडलं होतं शंकाबाई. कारण ती प्रत्येक गोष्ट विचारायची. "दादा, हे इकडे टाकू का? दादा, हे आज घेऊ का? दादा, ही गाठ सोडू का?" भाऊजी कपाळावर हात मारून म्हणायचे, "बघा मेहुणीबाई, गाठ सोडायलासुद्धा यांना मी लागतो. काय करायचं अशा टीमचं?"

आता ही शंकाबाई जन्मतः अशी नव्हती. ती आली तेव्हा चांगली चुणचुणीत होती. पहिल्याच आठवड्यात तिने रक्ताचे कपडे वेगळ्या टोपलीत काढून थंड पाण्यात टाकून ठेवले, कारण गरम पाण्यात रक्ताचा डाग बसतो हे कुणाही बाईला माहीत असतं. भाऊजींनी सगळ्यांसमोर ती टोपली लाथेने सरकवली. "तुला कुणी सांगितलं? इथे डोकं एकच आहे. बाकी सगळे हात!" असं म्हणून त्यांनी आपल्या टाळूवर टिचकी मारून दाखवली. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच रक्ताच्या कपड्यांना वेगळी टोपली लावली आणि तसा फलकही टांगला. पण शंकाबाईने धडा घ्यायचा तो घेतला होता. तेव्हापासून ती विचारल्याशिवाय शिंकतही नसे.

मध्यंतरी व्यवस्थापनाने भाऊजींना टीम कशी वाढवावी याच्या शिबिराला पाठवलं. पाण्यात म्हैस बसून आली तरी अंगाला थोडा ओलावा राहतो. भाऊजी कोरडे परत आले, पण शब्द घेऊन आले. विश्वास, सहभाग, मोकळीक. आल्या दिवशी दुपारी त्यांनी मशीनं बंद करून सगळ्यांना गोल उभं केलं. एकाने डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी त्याला झेलायचं, असा तो खेळ होता. म्हणे याने विश्वास वाढतो. इंजिन पडला तेव्हा झेलणाऱ्या दोघी त्याच्यासकट गाठोड्यांत गेल्या. काकू म्हणाल्या, "मी आयुष्यभर स्वतःच्या पायांवर उभी आहे, आता या वयात पडून कुणाला दाखवू?" शेवटी कुणीतरी म्हणालं, "दादा, आता तुम्ही पडा."

भाऊजी दोन पावलं मागे सरले. "मी पडलो तर तुम्हाला झेलायला सांगणार कोण?"

आणि खेळ संपला.

अशी वर्षं गेली. इतकी वर्षं मशीनांच्या वरताण ओरडून भाऊजींचा आवाज आधी घोगरा झाला, मग चिरका, आणि एक दिवस बसलाच. नुसती हवा यायला लागली. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. भीतीदायक नव्हती, ओरडण्याची होती, पण काढणं भाग होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ताईला आणि मला समोर बसवून बजावलं, "एक महिनाभर यांनी एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. कुजबुजण्याने जास्त ताण पडतो. बोलले, तर हा आवाज कायमचा गेला समजा."

ताईच्या चेहऱ्यावर काळजी होती, नाही असं नाही. पण काळजीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते मी बहीण म्हणून ओळखलं.

मोठ्या साहेबांनी, म्हणजे इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी, ऑपरेशनच्या आधी विचारलं होतं, "तुमच्या जागी तेवढ्यापुरतं कुणाला नेमायचं?" भाऊजी म्हणाले होते, "कुणाला नको, साहेब. मी आहे की फोनवर." ज्या माणसाला महिनाभर मिठाची गुळणी धरायची आहे, तो फोनवर असणार! आणि साहेबांनी मानसुद्धा हलवली. मोठ्या जागी बसलेली माणसं किती लक्ष देऊन ऐकतात ते तेव्हा कळलं.

तर भाऊजी घरी आरामखुर्चीत, मांडीवर पाटी, हातात पेन्सिल, आणि शेजारी स्टुलावर फोन. मी त्या दिवशी रजा घेऊन ताईच्या मदतीला गेले होते, म्हणून पहिला फोन आला तेव्हा हजर होते. सकाळचे चहाचे कपही उचलले गेले नव्हते. ताईने फोन घेतला आणि आवाज मोठा केला, म्हणजे भाऊजींना ऐकू जावं.

"वहिनी, मी बोलतेय," शंकाबाईचा आवाज. "दादांना विचारा ना. ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांवर ते पिवळं औषध सांडलंय. आधी भिजवू, की सरळ मशीनला लावू?"

भाऊजींनी पाटीवर लिहायला सुरुवात केली. भाऊजींचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडवून सोडलेली. ताई डोळे बारीक करून वाचायला लागली. "भ... भजी? भिंत? काय लिहिलंय हे?" भाऊजींनी पुसलं, पुन्हा लिहिलं. आत गॅसवर दूध वर यायला लागलं होतं. ताईची एक नजर पाटीवर, एक दुधावर. शेवटी तिचा धीर सुटला.

"अगं, तुला काय वाटतं?"

"मला?" शंकाबाई म्हणाली.

"हो, तुलाच. मी कधी धुतलेत इस्पितळाचे कपडे? रोज हात तुझे असतात त्यात. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं... आधी भिजवावं."

"मग भिजव," ताई म्हणाली, फोन ठेवला आणि धावत जाऊन गॅस बंद केला.

भाऊजींनी पाटीवर पेन्सिल आपटायला सुरुवात केली. ताई परत आली तोवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'भिजव.'

"मग तेच तर करणार आहे ती," ताई म्हणाली.

भाऊजींनी खाली लिहिलं, 'पण मी सांगायला हवं होतं.' आणि 'मी'खाली दोन रेघा ओढल्या. तेवढा एक शब्द मात्र सुवाच्य होता.

त्यानंतर दिवसभर फोन वाजत राहिला. सगळ्या फोनांना ताईचं एकच उत्तर, "तुम्हाला काय वाटतं?" आणि त्यांनी काही सांगितलं, की लगेच, "मग करा तसं." यात ताईचं काही धोरण होतं म्हणाल तर बिलकूल नव्हतं. तिला फोडणी करपू द्यायची नव्हती. साबणाच्या कोठीची किल्लीही तिनेच पाठवून दिली. भाऊजी दुपारचे झोपले होते, तिने ती गळ्यातून काढली आणि माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा. साबणासाठी दर वेळी मला विचारलं तर मी वेडी होईन."

मी ती तळघरात नेली. कुणाकडे द्यावी कळेना, म्हणून कोठीच्या दाराशी खिळा होता त्याला अडकवली. सगळे जण बराच वेळ तिच्याकडे बघत होते. जणू खिळ्याला साप लटकलाय.

आता कुणाला वाटेल, की दादा घरी बसले आणि इकडे आनंदीआनंद झाला. तसं काही झालं नाही. पहिले काही दिवस तळघराचा आखाडा झाला. डोकी वापरायची सवय नव्हती, ती एकदम वापरायला मिळाल्यावर माणसं ती एकमेकांवर आपटायला लागली. इंजिनने लाल कांबळं पांढऱ्या अभ्र्यांबरोबर घातलं आणि अख्खा गठ्ठा गुलाबी करून ठेवला. इंजिनचा फोन ताईला.

"वहिनी, घात झाला. अभ्रे गुलाबी झाले."

"गुलाबी उशीने पेशंट मरतो का?"

"नाही," दोनदा फुसफुसून इंजिन म्हणाला.

"मग तुला काय वाटतं?"

त्याला काहीच वाटत नव्हतं, तो घाबरला होता. पण काकूंना वाटलं. त्यांनी अभ्रे मुलांच्या वॉर्डात पाठवले. तिथल्या सिस्टरने निरोप दिला, पोरं खूश आहेत, निळे मिळतील का? इंजिन त्यावर पहिल्यांदा हसला. भाऊजींच्या राज्यात त्याने हीच चूक केली असती तर वर्षभर त्याच्या नावाने शंख झाला असता. आणि ते कांबळं दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं तेव्हा त्याने ते स्वतःच ओळखून बाजूला काढलं.

काकू आणि इंजिन यांचं भांडण मात्र गुलाबी नव्हतं. सगळी मोठी मशीनं इंजिन एकदम लावायचा, ती एकदम थांबायची, आणि काकूंच्या टेबलांवर चादरींचा डोंगर कोसळायचा. मग तासभर काहीच नाही. मग पुन्हा डोंगर. हे कायमचंच होतं. आजवर या दोघांमध्ये भाऊजी धावायचे, इकडे ओरडायचे, तिकडे ओरडायचे, आणि भांडण दोघांचंही भाऊजींशी व्हायचं. आता मधली भिंत गेली आणि दोघं समोरासमोर आले.

"जरा दम धरून काढत जा ना," काकू म्हणाल्या.

"तुमचे हात चालत नाहीत ते सांगा की," इंजिन म्हणाला. "वय झालंय."

काकूंनी हातातली चादर तशीच खाली टाकली आणि उलट्या टोपलीवर जाऊन बसल्या. दुपारपर्यंत उठल्या नाहीत. वॉर्डांना चादरी गेल्या नाहीत. वरून सिस्टर खाली येऊन वाट्टेल ते बोलून गेली. शंकाबाई माझ्या शिवणाच्या खोलीत येऊन रडली. "दादा होते तेच बरं होतं. निदान एकाच माणसामुळे रडावं लागायचं."

मी तिला ताईला फोन लावायला सांगितलं नाही. तिने तो आपणहून लावलाच. पण ताईने उचललाच नाही, ती बाजारात गेली होती.

मग काय करणार? शंकाबाई डोळे पुसून बाहेर आली आणि घडीच्या टेबलापाशी उभी राहिली. घड्या घालायच्या म्हणजे समोर दुसरं कुणी लागतं, चादरीचं दुसरं टोक धरायला. तिने इंजिनला हाक मारली. "ये इकडे. मशीनं फिरताहेत तोवर धर हे टोक." इंजिन आला. रोलरमधून निघालेल्या चादरी अंगाला चटका देतात, हे त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तासाभरात त्याची बोटं लाल झाली, कंबर धरली, आणि त्याच्याच मशीनांतून पुढचा डोंगर येऊन पडला तेव्हा तो त्याच्याकडे असा बघत राहिला, जणू शत्रूने पाठवलाय. तो काकूंकडे गेला नाही, माफी वगैरे मागितली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने मशीनं एकामागोमाग एक अशी लावायला सुरुवात केली. चादरी थोड्याथोड्या, पण सतत यायला लागल्या. काकूंनी तिसऱ्या खेपेला ते ओळखलं. चहाच्या वेळी स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्याच्यासमोर सरकवलं. एवढी साधी गोष्ट या दोघांना इतकी वर्षं सुचली नाही, कारण सुचण्याआधीच भाऊजी ओरडायचे.

हळूहळू ताईचा फोन वाजेनासा झाला. ताई सुटली, भाऊजी मात्र अडकले. ते फोन उचलून बघायचे, चालू आहे ना. मग पाटीवर लिहायचे, 'कुणी विचारलं नाही?' ताई म्हणायची, "नाही." ते लिहायचे, 'नक्की काहीतरी बिघडलंय.'

आणि एकदा खरंच बिघडलं. बॉयलर बंद पडला. वाफ नाही म्हणजे मोठा रोलर गार, मोठे ड्रायर गार. ऑपरेशनचे कपडे ओले, आणि दुपारी वर ऑपरेशनं लागलेली. ही बातमी मीच ताईला फोनवर सांगितली, ते माझं चुकलं. अर्ध्या तासात भाऊजी दारात हजर. पायात चपला दोन वेगवेगळ्या, गळ्यात दोरीने पाटी.

आत आले आणि दोन्ही हात हवेत फिरवायला लागले. लोक हातातली कामं सोडून त्यांच्याकडे बघत उभे राहिले, जुनी सवय. इंजिनने एका लहान, विजेवर चालणाऱ्या ड्रायरमध्ये ऑपरेशनचे कपडे घातले होते, तेवढाच एक चालू होता. भाऊजींनी ड्रायरकडे बोट करून हात आडवा फिरवला. इंजिनला वाटलं, बंद कर. त्याने बंद केला. भाऊजींना म्हणायचं होतं, दार नीट लाव. ते कपाळ बडवायला लागले. इंजिनला वाटलं आणखी काहीतरी चुकलं, त्याने ओले कपडे बाहेर काढले.

तेव्हा शंकाबाई पुढे आली. तिने एक स्टूल ओढलं आणि भाऊजींच्या मागे ठेवलं.

"दादा, तुम्ही बसा."

भाऊजींनी पाटी उचलली.

"बसा दादा," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. आवाज चढवलाही नाही.

भाऊजी बसले. इंजिनने कपडे परत ड्रायरमध्ये घातले. शंकाबाईने एकेका वॉर्डाच्या सिस्टरला फोन लावून सांगितलं, आज फक्त खराब झालेल्या चादरी बदला, बाकीच्यांना उद्यापर्यंत सांभाळून घ्या. काकू आपल्या बायका घेऊन गच्चीवर गेल्या आणि जिथे दोरी बांधता येईल तिथे बांधून चादरी वाळत घातल्या. इंजिन बॉयलरवाल्याच्या हाताखाली उभा राहिला. कुणी कुणाला ओरडलं नाही. एकदा दोघी जणी एकाच कामाला गेल्या, एकदा एक ट्रॉली चुकीच्या मजल्यावर गेली, ती परत आणली. ऑपरेशनचे कपडे वेळेवर वर गेले.

हे सगळं होत असताना भाऊजी स्टुलावर बसून होते. हात मांडीवर, तोंड किंचित उघडं. आपल्या घरात पाहुण्यासारखं बसवल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा. त्यांच्या डोळ्यांत पाणी असल्याचं मला वाटलं आणि खरं सांगते, मला त्यांची दया आली. उठून त्यांच्याजवळ गेले. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. मी वाचलं.

'तिकडच्या टेबलावर घडी तिरकी पडतेय.'

माझी दया तिथेच संपली.

महिना झाला, डॉक्टरांनी परवानगी दिली. आवाज परत आला, थोडा मऊ होऊन, पण आला. पहिलं वाक्य ताईला होतं, "फोन दे इकडे." कामावर आल्या आल्या त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून गळ्यात घातली. इंजिन म्हणाला, "दादा, ती तिथेच असते आता. कामाच्या आड येतेय ती तुमच्या गळ्यात." म्हणून भाऊजींनी ती काढली, पण खिशात ठेवली. दुपारी खिशातून काढून परत खिळ्याला लावावी लागली, कारण ते संडासात असताना कुणीतरी दारावर थापा मारल्या. सकाळपासून ते सगळीकडे फिरले. "हे का केलं?" म्हणून विचारायला जावं, तर समोरचा शांतपणे का ते सांगायचा, आणि ते कारण बरोबर असायचं. याहून मोठा अपमान भाऊजींनी आयुष्यात सोसला नव्हता.

आठवड्याने मोठे साहेब खाली आले. आमच्या विभागात त्यांचे पाय लागण्याची ही पहिलीच वेळ. म्हणाले, "वॉर्डांच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्यात. तुम्ही सुट्टीवर असताना! हे जमवलंत कसं?"

मी दाराशी सुई ओवत उभी होते. भाऊजींनी एक क्षण, फक्त एक क्षण, इकडेतिकडे पाहिलं. आणि मग आयत्या बिळावर नागोबा जसा वेटोळं घालून बसतो, तसे ऐटीत बसले.

"मी मुद्दामच गप्प बसलो होतो, साहेब."

"मुद्दाम?"

"टीम वाढवायची तर प्रमुखाने गप्प बसायला शिकलं पाहिजे. महिनाभर मी एक शब्द बोललो नाही. घरच्यांना विचारा."

एक 'मुद्दाम' सोडला तर यातला शब्दन् शब्द खरा होता, हीच तर कमाल. माझ्या हातातली सुई बोटात घुसली.

साहेब भारावले. इतके, की वार्षिक सभेत सगळ्या विभागांच्या प्रमुखांसमोर भाऊजींचं भाषण ठेवलं. विषय, 'गप्प राहून नेतृत्व'. भाऊजी या विषयावर तासभर बोलले. पाण्याचे तीन पेले लागले. मी आणि ताई मागच्या रांगेत होतो. "आपल्या माणसांना विचारा, तुम्हाला काय वाटतं?" असं भाऊजी दोन्ही हात पसरून म्हणाले, तेव्हा ताईला असा ठसका लागला, की तिला बाहेर न्यावं लागलं. लोकांना वाटलं, बाई भारावली. शंकाबाईचं, काकूंचं, इंजिनचं नाव भाषणात आलं नाही. "माझी टीम" मात्र इतक्या वेळा आली, की मोजणं मी सोडून दिलं.

त्या भाषणावर भाऊजींना बढती मिळाली. त्याच संस्थेच्या बाकीच्या इस्पितळांच्या धुलाई विभागांवर देखरेख. आमची जागा कुणाला द्यायची, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा भाऊजींनी स्वतःचंच नाव सुचवलं, दोन्हीकडे बघतो म्हणून. साहेब नको म्हणाले. त्या माणसाने केलेलं एवढं एक शहाणपणाचं काम मला माहीत आहे. मग काकूंना विचारलं, त्यांनी शंकाबाईकडे बोट दाखवलं.

"मी करू का?" शंकाबाई म्हणाली, आणि सगळं तळघर हसलं. तीही हसली.

ती करतेय. देवासारखी करते असं नाही. कधीकधी इतकं विचारत बसते, की इंजिन चिडतो, "आता सांगून टाक ना बाई एकदाचं!" मग ती सांगून टाकते. तिलाही कळलंय, की नव्या माणसाला आधी सांगावं लागतं, दाखवावं लागतं, आणि तयार झालेल्याला विचारावं लागतं. दोन्ही उलटं केलं की दोन्ही माणसं वाया जातात. मध्ये एका नव्या बाईने ब्लीच जास्त घालून एका वॉर्डाचे सदरे जाळले. वरून सिस्टर तणतणत आली. शंकाबाई तिला जिन्यातच भेटली, "चूक आमची, मी बघते," म्हणाली आणि तिला तिथूनच परत पाठवलं. मग खाली येऊन त्या बाईशेजारी बसून मापाचा मग हातात दिला. सगळ्यांदेखत नाही, कोठीत. ते सदरे माझ्याकडे आले, मी त्यांची फडकी केली. भाऊजींनी अशा वेळी पहिल्यांदा सिस्टरला खाली बोलावलं असतं, म्हणजे तिच्यासमोर त्या बाईला झाडता यावं.

भाऊजींच्या नव्या ठिकाणाहून बातम्या येतात. तिथल्या एका विभागात दोन चांगली माणसं सोडून गेली. भाऊजी म्हणतात, टीम वाढवायची तर अशी छाटणी करावी लागते.

परवा ताईकडे गेले होते. भाऊजी बाहेरच्या खोलीत. मला बघून म्हणाले, "काय मेहुणीबाई, माझ्याशिवाय कसं चाललंय तिकडे?"

"बरं चाललंय."

"चालणारच. तयार करून ठेवलंय ना मी."

मी स्वयंपाकघरात गेले. ताई भांडी लावत होती. मी म्हटलं, "ताई, तू एकदा तरी सांगत का नाहीस? सभेत सांगायला हवं होतंस. फोन तू घेतलेस, ते सगळं तू केलंस."

ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्यावर चोरीचा आळ घेतेय.

"मी काय केलं? मला फोन ठेवायचा होता गं. आणि केलं ते त्यांनी केलं. राबली ती माणसं. आता यांच्यासारखं मीही त्यावर नाव घालू?"

बाहेरून भाऊजींचा आवाज येत होता. नळ गळत होता म्हणून प्लंबर आला होता, आणि भाऊजी त्याच्या डोक्यावर उभे राहून त्याला पाना कसा धरायचा ते सांगत होते.